बर्फ आमच्या मापात नव्हता

भांडुप. गाळा नंबर सतरा. पत्र्याखाली एप्रिल.
पंखा आहे, पण तो शेठच्या टेबलापुरता फिरतो.
सुलभा, फरजाना, कोपरीहून येणारी नवी पोर आणि मी,
मांडीपर्यंत पांढऱ्या जाळीत बसलेल्या.

जाळी सफरचंदाच्या बागांची.
गार लागली की फळाला खोक पडते,
खोक पडली की भाव पडतो,
म्हणून झाडांवर छप्पर. आमच्या हातचं.

सफरचंदाचं झाड मी पाहिलेलं नाही.
पन्ना माहीत आहे: बारा हात.
भोक माहीत आहे: करंगळीचं टोक जाईल, बोर जाणार नाही.
दर दोन हातांवर पितळी काजा,
काठाला दोर,
आणि दोराच्या शेवटी माझी सरकगाठ,
तिच्यावर जाड सुताचा वेढा.
हा कशाला, शेठनं विचारलं होतं एकदा.
सवय, म्हटलं.
बाप मढला डोल विणायचा.
भरल्या डोलीची गाठ काळोखात बोटाला लागायला हवी,
नाहीतर माशासकट होडी खाली जाते.
हे शेठला सांगितलं नाही. सूत त्याचं होतं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.
शेठ बँकेत. मीच उचलला.
कोटखाईच्या वरून कुठूनतरी, दिलाराम नावाचा माणूस.
पाकिटावर हाच नंबर छापलाय, म्हणाला.
ताई, पहाटेपासून बर्फ पडतोय. झाडं फुलावर आहेत.
मी म्हटलं, जाळी आहे ना?
जाळीच तर, तो म्हणाला.

आणि खोकत राहिला.
झाडांखाली डब्यांत ओला पेंढा पेटवला होता त्यांनी,
गारठा फुलात उतरू नये म्हणून.
धूर खाली, बर्फ वर,
मध्ये आमची जाळी, पोट सुटलेली,
आणि तिच्या वजनानं वाकलेले खांब, फांद्या.
गार आपटते आणि निसटते.
बर्फ येतो आणि बसतो.
त्याच्या मागे काहीतरी कडाडलं, फोनमधूनही दचकले मी.
विळा आणलाय, कापू का, तो विचारत होता.

भरलेली डोल. दुसरं काय.

कापू नका, म्हटलं. वेळ नाही तेवढा.
काठावरून बोट फिरवत जा. जाड सूत लागेल.
ते ओढा. पण एकट्यानं नाही,
समोरासमोर दोघांनी, एकदम,
नाहीतर सगळा भार एकाच रांगेवर जाईल.

फोन त्यानं तसाच खिशात टाकला असावा.
कमला, अशी हाक ऐकू आली, दोनदा.
पावलं, बर्फात रुतणारी, माझ्या ओळखीची नव्हती.
मग आवाज आला तो मात्र ओळखला:
खोळा सुटल्यावर फळीवर पडतात तसे,
ओले, जड, एका दमात.
मढच्या बंदरात ऐकला होता शेवटचा,
बाप होता तेव्हा.
एक रांग. दुसरी. तिसरीला वेळ लागला.
मग रेंज गेली.

कोण होतं, सुलभानं विचारलं.
गिऱ्हाईक, म्हटलं, आणि डबा उघडला.
भात घामट झाला होता.

जूनमध्ये गठ्ठे परत आले. दुरुस्तीला, अकरा नग.
चिठ्ठीत तेवढंच.
किती झाडं राहिली, किती फुलं धरली, कुणी लिहिलं नाही,
आणि विचारायला नंबर माझ्याकडे नव्हता.
शेठ म्हणाला, हमी गारांची होती, पैसे लागतील;
नव्या पावतीखाली आता छापून घेतलंय:
बर्फाची जबाबदारी नाही.

गठ्ठा सोडला तर गाळाभर धूर.
भोकाभोकांत अडकलेल्या कळ्या,
वाळून चहापत्तीसारख्या झालेल्या.
सुईच्या टोकानं काढत बसले दोन दिवस.
नव्या पोरीनं एक हुंगून पाहिली.
कसलाच वास नाही, म्हणाली.

आता मी एका काठाला चार गाठी घालते.
शेठला अजून कळलेलं नाही.
महिन्याला दोन रीळ जास्त जातात,
फरजाना सांगते, उंदीर नेतात.